सणकाड्यांची खोली

पुणे
९ नोव्हेंबर १९९४

मामा आणि मामींना रोहिणीचा नमस्कार.

दिवाळीला येते म्हणाले आणि आले नाही. त्यावर तुम्ही चार शब्द सुनावणार हे धरूनच लिहायला बसले आहे. सुनावून झालं की पुढचं वाचा.

आईने तुम्हाला सांगितलंच असेल की एवढं शिकूनसवरून मी कॉलेजात काड्या मोडत बसते. ती खोटं सांगत नाही. अंबाडीची साल दोरासाठी काढून घेतली की आत जी पांढरी काडी उरते, आपल्याकडे चूल पेटवायला घेतात ती सणकाडी, तिचे बोटभर तुकडे करायचे. ते विरवलेल्या चुन्यात आणि विटांच्या सुरखीत कालवायचे आणि लाकडी चौकटीला फळ्या लावून मध्ये ठासायचे. वाळलं की फळ्या काढायच्या. भिंत उभी राहते. उन्हाळ्यात ती तापत नाही, आणि दगडाच्या मानाने इतकी हलकी असते की उद्या पडली तरी खालचा माणूस उठून बाहेर येईल. भूकंपानंतर मला दुसरं काही सुचलेलंच नाही.

नवी गावं वसवण्यासाठी जी समिती आहे, तिच्यासमोर मी हे मांडलं. ते म्हणाले, प्रयोगशाळेत सगळंच टिकतं, एक खोली बांधा, तिच्यात माणूस राहू द्या, एक पावसाळा जाऊ द्या. टिकली तर एका गावात चाळीस घरं या पद्धतीने करू. म्हणजे माझं सगळं या एका खोलीवर आलं आहे.

मामी अजून अंगणातल्या शेडमध्येच झोपतात, असं आई म्हणाली. म्हणून ही खोली तुमच्या अंगणात, मामींसाठी बांधावी असं माझ्या मनात आहे. सिमेंटच्या व्यापाऱ्याला हे विचारायला जरा जड जातंय, पण मामा तुम्हीच आहात.

तुमची,
रोहिणी


केज
२१ नोव्हेंबर १९९४

चि. रोहिणीस गुरुपादमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं. सिमेंटच्या थप्पीवर बसून वाचलं आणि मामाच्या पोटावर पाय देणारी भाची म्हणून शेजारच्यांनाही वाचून दाखवलं. सगळे हसले. मग मी जागा मोजली. गोठ्याच्या बाजूला दहा बाय बाराची खोली आरामात बसते. ये आणि बांध.

एक गोष्ट तुला म्हणून लिहितो. पूर्वी सिमेंटच्या दहा पोत्यांसाठी तहसिलीत चिठ्ठी मागत उभं राहावं लागायचं. आता पाहिजे तेवढा माल येतो आणि भूकंपानंतर ज्याला त्याला स्लॅब हवा. त्या एका हादऱ्याने माझं दुकान जेवढं चाललं तेवढं बापजन्मात चाललं नव्हतं. हे बोलायची लाज वाटते. संध्याकाळी गल्ला मोजताना तुझी मामी समोर येऊन बसली तर मी गल्ला बंद करतो.

तिचं तुला ठाऊकच आहे. औशाकडचं तिचं माहेर एका पहाटेत गेलं. भाऊ आणि भावजय दोघंही स्वतःच्याच माळवदाच्या मातीच्या छताखाली राहिले. तेव्हापासून तिने आपल्या घरात पाठ टेकलेली नाही. रांधते घरात, पूजा घरात करते, दिवस मावळला की पत्र्याच्या शेडमध्ये. मे महिन्यात त्या पत्र्यावर भाकरी भाजेल आणि आता थंडीत दोन घोंगड्यांतही कुडकुडते. मी हात जोडले, रागावलोही. तुला स्लॅबची खोली बांधतो म्हणालो तर म्हणाली, "स्लॅब काय कापसाचा असतो का? मग मला कावून त्याच्याखाली घालता?"

तिला कंबरदुखीने आता बसवत नाही. तुझ्या काड्यांनी ती घरात आली, तर चाळीस सोड, चारशे घरं तुझ्या नावाने होवोत.

गुरुपाद


पुणे
२६ फेब्रुवारी १९९५

मामा,

सुखरूप पोचले. एसटीत एका काकूंनी विचारलं, केसांत काय गं हे पांढरं? चुना म्हटल्यावर त्या थोड्या सरकून बसल्या.

तीन आठवडे तुमच्या अंगणात जो राडा केला त्याबद्दल माफी मागायला हवी, पण इतकं छान मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. बद्रीनाथ गवंडी पहिल्या दिवशी म्हणाले होते, ताई, हे गुरांना घालायचं का भिंतीला? शेवटच्या दिवशी तेच फळ्या काढून भिंतीला पाठ लावून बसले. मामी मात्र चहा घेऊन रोज दारापर्यंत आल्या आणि दारातूनच परत गेल्या. घाईने ही गोष्ट व्हायची नाही.

आता तुमचं काम. भिंत अजून आतून ओली आहे, तिला निवांत वाळू द्या. दार-खिडकी दिवसभर उघडी ठेवा. महिन्याभराने बद्रीनाथ चुन्याचा पातळ हात मारतील, त्यांना सांगून ठेवलं आहे. बसव जयंतीपर्यंत खोली राहण्याजोगी होईल. त्या दिवशी मामींनी राहायला जावं, म्हणजे पावसाळ्याआधी महिनाभर मिळेल.

एसटीडीवरून विचारलं की तुम्ही नुसतं "बरं हाय, बरं हाय" म्हणता आणि मागे लोकांचा गोंगाट. म्हणून सविस्तर पत्रच लिहा. मामी खरंच झोपल्या का, कशा झोपल्या, सगळं.

रोहिणी


केज
१० मे १९९५

चि. रोहिणी,

तुझ्या मनासारखं झालं. बसव जयंतीला सकाळी स्वामींना बोलावून पाद्यपूजा केली, पुरणाचं जेवण केलं आणि त्याच दिवशी तुझी मामी नव्या खोलीत गेली. पहिल्या दिवशी तिने दार उघडंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी लोटलं. आता कडी लावून झोपते. सकाळी मला हाक मारून उठवावं लागतं, हे सुख दीड वर्षाने दिसलं. तिच्या चेहऱ्यावर रया आली आहे. मीही त्या आनंदात चार दिवस दुकान उशिरा उघडलं.

खोली बघायला लोक येतात. चौसाळ्याचे आपले व्याही विठ्ठलराव आले होते. त्यांनी भिंतीवर बुक्की मारून पाहिली, हात चोळत बसले. भिंत अशी कडक आणि गुळगुळीत झाली आहे की कुणाला सांगूनही पटत नाही आत काड्या आहेत. तू काही काळजी करू नकोस. मामा आहे ना इथे.

उन्हाळा लई कडक आहे. खोलीत जरा गदमदतं, पण पत्र्याच्या शेडपेक्षा स्वर्ग म्हणायचा.

गुरुपाद


पुणे
२ जून १९९५

मामा,

तुमचं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. कडी लावून झोपतात हे वाक्य ऐकून ती रडली.

बद्रीनाथांनी चुना घोटून गुळगुळीत केलेला दिसतो. त्यांना माझा नमस्कार सांगा. गदमदतं हे मात्र मला समजलं नाही, त्या भिंतीत तसं व्हायला नको. खिडकी लहान पडली असेल.

पहिला अहवाल पाठवला. "घरातील व्यक्ती भूकंपानंतर प्रथमच बंद खोलीत झोपू लागली" असं त्यात लिहिलं. अशा कागदात असली वाक्यं कुणी लिहीत नाही, साहेबांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, तरी मी ठेवलं. दसऱ्यानंतर समितीतले दोघं प्रत्यक्ष बघायला यायचं म्हणतात. आता पावसाळा एवढा जाऊ दे.

रोहिणी


केज
३ सप्टेंबर १९९५

चि. रोहिणी,

पत्राला उशीर केला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

यंदा ऑगस्टात झड लागली. त्यानंतर खोलीला वास येऊ लागला, भिजल्या कडब्याला येतो तसा. मी म्हटलं ओल आहे, जाईल. मग पश्चिमेची भिंत खालून फुगली. तिच्यावर बारीक भेगा आल्या आणि मागच्या आठवड्यात कोपऱ्यातून चक्क भूछत्र्या निघाल्या. बद्रीनाथने एक जागा टोकरून पाहिली तर आतून काळा लगदा आला.

तुझ्या मामीने गादी उचलली आणि शेडमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "रोहिणीला लिवू नका, तिला वाईट वाटंल." मी इतके दिवस लिहिलं नाही ते त्यामुळे. पण दसऱ्यानंतर तुझी माणसं येणार, म्हणून लिहिणं भाग आहे.

मी अडाणी दुकानदार. माझ्या हातून देखभालीत काही राहिलं असेल तर सांग. खिडकी रोज उघडत होतो.

गुरुपाद


पुणे
१४ सप्टेंबर १९९५

मामा,

पत्र मिळाल्या दिवशीच निघाले असते, पण मला कावीळ झाली आहे. डोळे हळदीसारखे आहेत आणि डॉक्टरांनी पलंगाखाली पाय ठेवायला बंदी केली आहे. आई रोज उसाचा रस आणून समोर धरते. हे पत्रही मी निजून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

तुमच्या देखभालीचा यात काही संबंध नाही. अशी भिंत खिडकी विसरली म्हणून कुजत नाही. काहीतरी माझ्या मिश्रणातच चुकलं असणार. चुना कमी पडला की काड्या नीट भिजल्या नव्हत्या, ते इथे निजून कळणार नाही. समितीच्या लोकांना मी यायला नको म्हणून कळवलं.

एक करा. फुगलेल्या जागेतून विटेएवढा तुकडा काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या. माझे सहकारी तपासतील.

मामी पुन्हा शेडमध्ये गेल्या हे वाचलं.

रोहिणी


केज
२५ सप्टेंबर १९९५

चि. रोहिणी,

तुकडा पाठवला आहे. अडत्याचा मुनीम पुण्याला येतोय, त्याच्या हाती दिला. भिंतीवरचं वरवरचं सगळं झाडून, तासून फक्त तुझा माल तेवढा बांधला आहे, म्हणजे तपासायला अडचण नको.

तू आधी बरी हो. भिंती काय, पुन्हा बांधता येतात. मामी म्हणते, तेलकट खाऊ नको.

गुरुपाद


पुणे
१२ डिसेंबर १९९५

मामा,

कावीळ गेली. बाकी सगळंच गेलं म्हणायला हरकत नाही.

अहवालाच्या मुदतीपर्यंत डॉक्टरांनी प्रवासाला सोडलं नाही, म्हणून भिंत येऊन पाहता आली नाही. तुकडा पूर्ण कुजलेला होता. तपासणीत एवढंच निघालं की तो महिनोन् महिने ओला राहिला. का राहिला, याचं कारण मला सापडलं नाही आणि कारण सापडलं नाही की खोटं तरी काय लिहायचं? मी अहवालात लिहिलं की अंबाडी-चुन्याची भिंत आपल्याकडच्या पावसात ओल धरते, कुजते, आणि लोकांच्या घरांसाठी ती सुचवता येत नाही. खाली सही केली. समितीने आभार मानले. त्या गावची चाळीस घरं आता काँक्रीटच्या ठोकळ्यांची होतील. वाईट घरं नाहीत ती. फक्त मेमध्ये तिथे कुणी दुपारी आत बसणार नाही.

कॉलेजातली माझी मुदत मार्चला संपते. साहेब वाढवून देतो म्हणाले, मीच नको म्हटलं. एका बिल्डरकडे नोकरी धरली आहे. कोथरूडच्या पलीकडे टेकडी फोडून सात मजली इमारती उठतायत, तिथे मी पोती मोजणार. पगार दुप्पट आहे. सकाळी उठून काही सिद्ध करावं लागणार नाही, याचंच मला जास्त सुख वाटतं. मी दमले आहे, मामा.

ती खोली पाडून टाका. मामींच्या डोळ्यासमोर नको.

रोहिणी


केज
२ जानेवारी १९९६

चि. रोहिणी,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. नोकरी धरलीस ते बरं केलंस. पोती मोजण्यात कमीपणा काही नाही, मी जन्मभर तेच केलं. पण "दमले आहे" हे तू लिहिलंस ते मला लागलं. तू लहानपणी आमच्याकडे यायचीस तेव्हा तुला झोपवायला तिघं लागायचे.

खोली पाडायला बद्रीनाथला सांगितलं आहे. सांगताना मला एकच कोडं पडलं, ते तुला विचारतो. रागावू नकोस.

तू सांगितल्याप्रमाणे चुन्याचा हात मारला होता. पण एप्रिलात तुझी मामी अडून बसली. हात लावला की भुसा झडतो, ही काय खोली हाय, याच्यापेक्षा गुऱ्हाळाची खोप बरी, म्हणाली. वर विठ्ठलराव येऊन कडब्याची गंजी म्हणून हसून गेले. मग तर ती उंबऱ्याशीही जाईना. तुझी सगळी परीक्षा तिच्या झोपेवर अडलेली. मी काय करणार? दुकानातलं सगळ्यात भारी सिमेंट काढलं आणि बद्रीनाथकडून आतून-बाहेरून दोन्ही अंगांनी एकास चार वाळूचा दणदणीत गिलावा करून घेतला. वरून नीळ घातलेला पांढरा रंग दिला, म्हणजे चुन्यासारखाच दिसावा. भिंत वाजायला लागली तेव्हा कुठे ती आत गेली आणि झोपली. तुला कळवलं नाही, कारण नाव तुझ्या भिंतीचं व्हावं, मामाच्या सिमेंटचं कशाला? तुकडा पाठवतानाही मी सिमेंटचं कवच सोलूनच पाठवलं.

आता कोडं हे, की दोन्ही बाजूंनी एवढा पक्का माल असताना पाणी आत शिरलंच कुठून? तुझ्या काड्यांना तर मी चिलखत घातलं होतं. माझ्या मालात काही खोट होती का? तसं असेल तर मी कंपनीला लिहीन.

गुरुपाद


पुणे
१५ जानेवारी १९९६

मामा,

तुमच्या मालात काही खोट नव्हती.

ती भिंत आतून पुरती वाळलेली नव्हती. वाळायला तिला मे-जून लागला असता. एरवीही ती थोडी ओल घेते, थोडी सोडते, तिचा स्वभावच तो. तुम्ही दोन्हीकडून सिमेंट लावलं आणि आतलं पाणी आतच कोंडलं. गदमदायला लागलं ते त्यामुळे. पावसात सिमेंटला बारीक भेगा पडल्या, त्यातून आणखी पाणी गेलं, तेही कोंडलं. काड्या बिचाऱ्या कुजणार नाहीत तर काय करतील? उघडी ठेवली असती तर ती टिकली असती. मला तेव्हा खात्री होती आणि आज पुन्हा झाली.

मला राग आला आहे. तुम्हाला लिहू नये असं दोन दिवस वाटलं, पण न लिहून तो जात नाही. तुमच्यावर धड रागावताही येत नाही. मामींना झोप यावी म्हणून केलंत आणि माझं नाव व्हावं म्हणून झाकलंत. आणि मी सिमेंटच्या दुकानामागे तीन आठवडे राहिले, पण सिमेंट लावू नका एवढं बोलले नाही. काड्यांच्या भिंतीला ते लावेल कोण, असं मला वाटलं. ते कोण लावणार हे त्या घरात मला कळायला हवं होतं.

समितीला मी कालच पत्र टाकलं. उत्तर काय येणार ते मला माहीत आहे. ठेके दिले गेले, ठोकळे पडायला लागले. ज्या बाईने स्वतःच्या सहीने नको म्हटलं तिचं आता कोण ऐकेल? आणि पुन्हा भांडायला माझ्यात जोर नाही.

मामींना यातलं काही सांगू नका. आपल्या हट्टाने झालं असं त्या धरून बसतील. काही दिवस मला पत्र लिहू नका, मीही लिहिणार नाही. तब्येतीला जपा.

रोहिणी


केज
२८ ऑक्टोबर १९९६

रोहिणीबाईला शिवकांतामामीचा आशीर्वाद. मी चौथी शिकलेली, बोलते तसंच लिवते. हसू नको.

तुझे मामा तुझं पत्र आल्यापास्नं धड जेवंनात, दुकानात बोलंनात. काय झालं म्हणून इचारलं तर पत्रच माझ्या हातात दिलं. तू सांगू नका म्हणली व्हतीस. पण त्यांना खोटं बोलून बोलून कटाळा आला व्हता. चूक कुणाची ते तुमी मामा-भाची ठरवा. मला त्यात पडायचं न्हाई.

बद्रीनाथ खोली पाडायला आलता. मी म्हणलं, थांब, आधी सिमिट तेवढं काढ. दोघांनी मिळून काढलं. लई चिवट. तुझ्या मामाचा माल खरंच चांगला असतो. पश्चिमेची भिंत नि उत्तरेची अर्धी गेली व्हती, बाकी दोन खालून काळ्या, वरून चांगल्या. काड्या कोरड्या, पांढऱ्याफेक. मला तर नवल वाटलं.

माघात नवी सणकाडी मिळाली. मी बद्रीनाथला म्हणलं, मला शिकीव. त्याला तू शिकिवलेलं सगळं ध्यानात व्हतं. मी काड्या तोडल्या, चुना कालवला, फळ्यात ठासलं. हाताला भोकं पडली. तुझे मामा पोती उचलायला आले तर मी दुकानात धाडलं, म्हणलं तुमचा हात नको याला. ते हसले. लई दिवसांनी हसले.

आवंदा भिंत उघडीच ठिवली. नुसता चुना. भुसा झडतो, मी झाडून काढते. पाऊस लई झाला. वास न्हाई, फुगली न्हाई. पश्चिमंला भिजती, ऊन पडलं की वाळती. मी बोट लावून रोज बघते.

अखाडी एकादशीपास्नं तिथंच झोपते. तुला खरं सांगू का, आधी मला भिंतीचं भ्याव न्हवतं. आत काय हाय ते ठावं नसायचं त्याचं भ्याव व्हतं. माझ्या भावाला तरी कुठं ठावं व्हतं त्याच्या डोक्यावर किती माती हाय. वर्साला चार पाट्या नवी टाकायचा, गळू नये म्हणून. ह्या खोलीत काय घातलं, किती घातलं, ते माझ्या हातांना म्हाईत हाय. म्हणून झोप येती.

तुझी चाळीस घरं गेली. मी काय ती आणून देऊ शकत न्हाई. त्या नव्या गावात माझी भाची सून म्हणून हाय. ती म्हणती घर पक्कं हाय पण पोरं दुपारी झाडाखाली निजत्यात. ऐकून माझा जीव तुटला, तुझ्यासाठी बी नि तिच्यासाठी बी. तू नोकरी सोड असं मी म्हणत न्हाई. दमली असशील तर दम घे. बाईमाणसाला दमले म्हणायला बी जागा लागती.

पत्र लिवायचं कारण येगळंच हाय. परवा पहाटं इथं पुन्हा हादरा बसला. लहानच व्हता, कुणाला काय झालं न्हाई. पण सगळी गल्ली बोंबलत रस्त्यावर आली, तुझे मामा बी माळवदाखालून तसेच उघडे पळाले. मग त्यांना माझी याद आली. माझ्या दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. आतून कडी. त्यांचा जीव अर्धा झाला. बद्रीनाथनं खिडकीतून बॅटरी मारून बघितलं तर मी घोरत व्हते. मग कुणी उठीवलं न्हाई.

मला सकाळी चहाच्या वक्ताला कळलं.

शिवकांता